काटकसर ताटावर आणि औषधांवर येते तेव्हा

महागाईत हॉटेल आणि सहली टाळाव्यात, असा सल्ला काटकसरीवरच्या एका लेखात वाचला. परंतु ज्या घरांत या गोष्टी मुळात नव्हत्याच, तिथे कात्री थेट ताटाला आणि औषधांना लागते. मी नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालो. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान रक्कम २०१४ मध्ये दरमहा १००० रुपये ठरली, आणि तेव्हापासून सिलिंडर, तेल, डाळ यांचे भाव कुठल्या कुठे गेले, हे घर चालवणाऱ्याला सांगायला नको. अन्नसुरक्षा कायद्याच्या ‘प्राधान्य’ गटातल्या कुटुंबाला शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत, याचा मोठा आधार आहे. पण तूरडाळ आणि तेल बाजारभावानेच आणावे लागते.

आमच्या शेजारच्या आजी रक्तदाबाची रोजची गोळी एक दिवसाआड घेतात, हे मला गोळ्यांच्या पाकिटावर त्यांनी पेनाने लिहिलेल्या वारांवरून कळले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. विचारले तेव्हा त्या संकोचून म्हणाल्या, ‘‘महिनाभर पुरवायची असते हो.’’ जनऔषधी केंद्रातून त्याच घटकाची गोळी स्वस्तात आणून दिली, तेव्हा उरलेल्या पैशांतून त्यांनी पाव किलो तूरडाळ घेतली.