'आपल्याच पोस्ट दाबतात' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतंय: 'फेसबुक फक्त आपल्या पक्षाच्या पोस्ट दाबतं. पोस्ट २५ जणांनाच दिसते, हा मजकूर कॉपी करून टाका म्हणजे बंधन उठेल. पोस्ट काढली तर आपण काही करू शकत नाही.' पक्षाचं नाव कुठंच नाही, त्यामुळं दोन्हीकडचे कार्यकर्ते तेच पुढं ढकलतायत.

'फक्त आपल्या पक्षाच्या.' एप्रिल २०१९, लोकसभेची धामधूम. फेसबुकनं काँग्रेसच्या आयटी सेलशी संबंधित लोकांची ६८७ पेजेस आणि खाती काढली. त्याच दिवशी सिल्व्हर टच या आयटी कंपनीशी जोडलेली १५ गेली. त्यात भाजपची बाजू घेणारं पेज होतं. आकडा बघून काँग्रेसवाले चिडले. पण फॉलोअर मोजा: ६८७ चे सुमारे २ लाख, १५ चे सुमारे २६ लाख. कारण दोघांना एकच दिलं, ओळख लपवून संगनमतानं चालवलेली खाती.

म्हणून कंपनी धुतल्या तांदळाची ठरत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं छापलं, की भाजप आमदार टी. राजा सिंह यांना द्वेषपूर्ण मजकुराचे नियम लावायला फेसबुक इंडियाच्या तेव्हाच्या धोरणप्रमुख आंखी दास यांनी विरोध केला, कारण सत्ताधारी दुखावले तर इथल्या धंद्याला फटका बसेल. महिन्याच्या आत केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद यांनी झुकेरबर्गना पत्र लिहून नेमकी उलटी तक्रार केली, की फेसबुक उजव्या विचारांच्या लोकांना दाबतं. मला तरी यात विचारधारेपेक्षा गल्ल्याची काळजी जास्त दिसते.

'२५ जण.' जुनी थाप. लोक कशावर थांबतात, कमेंट करतात, यावर फीड ठरतं. मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्याचा व्हिडिओ लोक बघतात. इच्छुकाच्या वाढदिवसाचा बॅनर कोण बघत बसणार?

'काही करू शकत नाही.' करता येतं. २०२१ च्या आयटी नियमांनुसार मोठ्या कंपनीनं स्वतःहून पोस्ट काढली तर कारण कळवावं लागतं. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं दाद मागा; त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत ग्रीव्हन्स अपिलेट कमिटीकडं, म्हणजे केंद्र सरकारनं नेमलेल्या अपील समितीकडं, ऑनलाइन अपील करता येतं.

खरी गुप्तता दुसरीकडंच आहे. आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकार मजकूर बंद करायला लावतं, आणि २००९ च्या नियमांतला १६ वा नियम ते आदेश गोपनीय ठेवायला सांगतो. आदेशाची प्रत मिळवायला लोकांना हायकोर्टात जावं लागलंय. एवढ्या लांबलचक फॉरवर्डात त्यावर अवाक्षर नाही.