भज्यांत पाणी ओतणाऱ्यांनो, जरा थांबा

पहिला पाऊस पडला की मोबाइलवर कांदाभज्यांच्या व्हिडिओंचा पूर येतो. दर दुसऱ्या व्हिडिओत तेच: पाव वाटी कॉर्नफ्लोअर, चिमूटभर सोडा, 'लागेल तसं पाणी'. माझं स्पष्ट मत आहे, खेकडा भज्यांत, म्हणजे मोकळ्या पाकळ्यांच्या कुरकुरीत कांदाभज्यांत, या तिन्हींचं काही काम नाही. कांदा, डाळीचं पीठ, मूठभर तांदळाची पिठी, ओवा, तिखट, हळद, मीठ. एवढं कुठल्याही घरात असतंच. आणि पाणी? ते कांद्यात आहे की!

कांदा उभा, पातळ चिरायचा आणि पाकळ्या हाताने मोकळ्या करायच्या. मीठ लावून, जरा चुरून पंधरा मिनिटं झाकून ठेवायचा. मीठ कांद्यातलं पाणी ओढून घेतं आणि ताटलीत चकचकीत ओलावा दिसायला लागतो. मग त्यावर पीठ भुरभुरायचं, तेही हात राखून. प्रत्येक पाकळीला पिठाचा पातळ लेप बसला की थांबायचं. मिश्रण चमच्याने ओतता येत असेल तर ती खेकडा भजी नव्हेत, गोल भजी होणार. तीही छान लागतात, पण तो वेगळा पदार्थ.

'पीठ किती वाट्या?' याचं उत्तर मी देत नाही, कारण ते कांद्यावर ठरतं. पावसाळ्यात आपण खातो तो बहुतेक उन्हाळ कांदा, मार्च ते मेमध्ये काढून कांदाचाळीत साठवलेला. तो मुरलेला असतो, पाणी बेताने सोडतो. दिवाळीच्या आसपास नवा लाल कांदा आला की तोच हात, तेच मीठ, पण पाणी भराभर सुटतं आणि पीठ जास्त लागतं. व्हिडिओतली वाटी इथे काय कामाची?

सोड्याने भजी फुगतात, हलकी होतात हे खरं, पण तेलही पितात. खाऊन झाल्यावर बोटं बघा. कॉर्नफ्लोअरने कुरकुरीतपणा येतो, नाही म्हणत नाही, पण तांदळाची पिठी घरात असताना त्यासाठी वाण्याकडे कशाला पळायचं?

तेल मात्र नीट तापलेलं हवं. पिठाचा थेंब टाकला की तो लगेच बुडबुडत वर आला पाहिजे. तेल गार असेल तर बाहेरचं कवच वेळेत धरत नाही आणि भजी तेलकट होतात. धूर निघेपर्यंत तापवलंत तर बाहेरून काळी, आत कच्ची. घाणा लहान घ्या, कढई भरून भजी सोडली की तेलाचा ताव उतरतो. तळलेली भजी चाळणीवर काढा. डब्यात घालून झाकण लावलंत की आतली वाफ कोंडून पाच मिनिटांत सगळी मऊ. पार्सल नेलेली भजी घरी पोचेपर्यंत का मरतात, ते यातच आलं. आणि वर्तमानपत्राच्या कागदावर काढू नका, शाई अन्नाला लागते. 'एफएसएसएआय' या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही हे बजावलेलं आहे.

आमच्याकडे कांदेनवमीला, म्हणजे आषाढ शुद्ध नवमीला, भज्यांचा घाट घातला जायचा. दोन दिवसांनी एकादशी आणि तिथून चातुर्मासात कांदा बंद, म्हणून त्याआधी आडवा हात मारून घ्यायचा. हल्ली चातुर्मास पाळणारे कमी झाले, पण नवमी मात्र सगळ्यांच्या बरोब्बर लक्षात असते! सिंहगडावर धुक्यात मिळतात ती भजी चविष्टच, पण त्यातलं निम्मं श्रेय चढून आलेल्या भुकेचं.

सोबत सॉस मागणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. माझ्यासाठी शेवटच्या घाण्यानंतर उरलेल्या गरम तेलात हिरव्या मिरच्या टाका, वर मीठ भुरभुरवा. फक्त मिरच्यांना आधी चीर द्या, नाहीतर त्या फुटतात आणि तेल थेट तोंडावर उडतं.