आजी एकटी नव्हती : हेरवाडच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं अशा प्रथा बंद करण्याच्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ठरावावरचा माझा लेख तुम्ही नीट वाचलात आणि राग मोकळेपणाने लिहिलात, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : समाजाचा दबाव ही भित्र्यांची सबब आहे, तुमची आजी विधवा झाल्यावरही कुंकू लावत राहिली, तीही एकटीच्या हिमतीवर, ठराव करून किंवा अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांचे प्रयोग सांगून कुणाला कणा येत नाही.

आधी माझी चूक कबूल करते. गट चुकीचं बोलला तर माणूस त्यामागे जातो का, हे पाहणाऱ्या मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या 1951 सालच्या प्रयोगात तीन चतुर्थांश लोक झुकले, असं मी लिहिलं होतं. ते अर्धवट होतं. तेवढे जण बारा वेळांपैकी निदान एकदा गटाच्या चुकीच्या उत्तरामागे गेले. एकूण उत्तरं पाहिली तर जवळपास दोन तृतीयांश बरोबरच होती, आणि साधारण पाव हिस्सा माणसं एकदाही हलली नाहीत. तुमच्या आजीसारखी माणसं असतातच.

पण अ‍ॅश यांच्या पुढच्या प्रयोगांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. काम साधं होतं, रेघांची लांबी जुळवायची. एकट्याने केलं तर शंभरात एकही चूक होत नसे. आधी पढवून ठेवलेले बाकीचे सगळे चुकीचं बोलले, की रेघ समोर दिसत असूनही जीभ अडायची. मात्र त्यांच्यातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी गटामागे जाणं पाव पटीवर यायचं. फक्त एक सोबती!

माझ्या मावशीचे यजमान गेले तेव्हा ओसरीवर दहा-बारा बायका होत्या. एका वयस्कर बाईंनी तिचं मनगट धरून बांगड्या वाढवल्या. काच रुतली, रक्ताचा थेंब आला, कुणीतरी तो पदराने टिपला आणि दुसरा हात पुढे ओढला. मी पाण्याचा तांब्या धरून शेजारीच उभी होते. बोलले नाही. त्याची बोच अजून आहे. संध्याकाळी शेजारून पिठलं-भाकरी आली. ताटं वाढताना मावशीची जाऊ हळूच म्हणाली, "मला नको वाटत होतं गं." मग शेजारच्या काकू तेच म्हणाल्या. आणि रात्री, ज्यांनी मनगट धरलं होतं त्या बाई, स्वतः विधवा, म्हणाल्या, "मी नाही म्हटलं असतं तर बायका काय म्हणाल्या असत्या?" त्याच बायका, ज्यांना ते नको होतं!

4 मे 2022 ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला : कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. कागदाने कणा येत नाही, हे खरं. पण ताटं वाढताना कुजबुजलं जाणारं वाक्य तिथे भर सभेत मोठ्याने बोललं गेलं. आता ओसरीवरच्या एखादीला "अहो, गावाचा ठराव आहे" एवढं तरी म्हणता येईल. मला त्या दिवशी तेवढंही सुचलं नव्हतं.

आणि तुमच्या आजीबद्दल. तुम्ही 'एकटी' म्हणता, पण पुढच्याच ओळीत लिहिता की पहिल्या संक्रांतीला तिच्या सासूबाईंनी सगळ्यांदेखत तिला वाण दिलं. मला त्या सासूबाईंविषयी ऐकायचं आहे. त्या कोण होत्या, त्यांना ते कसं सुचलं, बाकीच्या बायका तेव्हा काय म्हणाल्या? आठवत असेल तर जरूर लिहा.