दादांची पुण्यतिथी अब्रूनं कशी साजरी करावी

मार्च उजाडला, गहू-हरभरा घरात आला की गावातला कुणीतरी रिकामा उत्साही माणूस म्हणणारच, "औंदा दादा कोंडकेंसाठी काहीतरी करू." नाही म्हणू नका. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली की आता त्याच्यावर उघडपणे प्रेम करायला हरकत नसते. फक्त ते अब्रूनं कसं करायचं, एवढंच शिकून घ्या.

पहिला प्रश्न येईल, जयंती की पुण्यतिथी? डोळे झाकून पुण्यतिथी धरा. जयंती ८ ऑगस्टला. तेव्हा इकडे खानदेशात कपाशीची निंदणी-फवारणी, त्यात श्रावण लागला असेल तर कानबाई देवीच्या रोटांची, म्हणजे नैवेद्याची गडबड. माणसं मिळत नाहीत. शिवाय जयंतीला लोक हसण्याच्या तयारीनं येतात. १४ मार्चला ती भीती नाही. १९९८ साली याच दिवशी दादा गेले, त्यामुळे तोंड पाडून बसायला सबळ कारण आहे. दहावीची परीक्षा चालू असते म्हणून भोंगाही बारीक ठेवता येतो.

आता बॅनर. हा विषय सोपा नाही. फ्लेक्सवाला पोरगा मोबाइलवर सापडेल तो पहिला फोटो लावणार: ढगळ चट्ट्यापट्ट्यांची चड्डी, गुडघ्याशी लोंबणारी नाडी आणि चेहऱ्यावर "मी काय केलं बुवा?" असा भाव. त्याच्या पाठीमागे उभं राहून नाडी खोडायला लावा. तो म्हणेल, "भाऊ, नाडी काढली तर दादा वाटतच नाहीत." पोरगं खरं बोलतंय, पण त्याचं ऐकू नका. नाडी ठेवायची तर तिच्या टोकाखाली नेमका कुणाचा गोल फोटो येतो ते आधी पाहावं लागतं, आणि तिथं हमखास बाजार समितीचे सभापती येतात. त्यापेक्षा कोट घातलेला फोटो शोधा. कोटात दादा ओळखू येत नसतील तर खाली नाव टाका. वर नेते, खाली आयोजक, दोन्ही बाजूंना शुभेच्छुक, आणि मध्ये जी जागा उरेल ती दादांना.

वक्ता निवृत्त मुख्याध्यापकच हवा. अमळनेरला २०२४ साली साहित्य संमेलन होऊन गेल्यापासून शाल-श्रीफळाचा सराव असलेली माणसं तालुक्यात मुबलक आहेत. त्यांना तीन शब्द चिठ्ठीवर लिहून द्या: निखळ, निर्मळ, सहकुटुंब. हयातभर सेन्सॉरच्या कात्रीशी भांडलेल्या माणसाला तुमच्या गावात हे प्रमाणपत्र फुकटात मिळतंय, ही काय लहान गोष्ट झाली? गुरुजींनी त्यांचे सिनेमे कधी पाहिले, असं मात्र विचारू नका. विचारलंत तर उत्तर येईल, "लहानपणी, एकदा, चुकून." आबा म्हणतील चुकून, काका म्हणतील मित्रानं ओढत नेलं, डॉक्टर म्हणतील तिकिटं वाया जात होती म्हणून. दादांचे ओळीनं नऊ सिनेमे प्रत्येकी पंचवीस आठवडे चालले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली, ती या अशा चुकांच्या जोरावर.

भाषणात "आपल्या मातीतला कलावंत" हे वाक्य निदान दोनदा यावं. हा माणूस मुंबईत नायगावला, गिरणगावातल्या चाळीत वाढला, 'अपना बाजार'मध्ये नोकरी केली, बँड वाजवला, सेवादलाच्या कलापथकात घासूनपुसून तयार झाला, हे सांगत बसू नका. सांगितलंत तर एखादं चिकित्सक पोरगं विचारेल, मग त्यांना आपल्या बांधावरच्या गड्यासारखं बोलता कसं आलं? त्यावर अभ्यास, निरीक्षण, वसंत सबनीसांचा वग शेकडो प्रयोगांत रोज नव्यानं रंगवत कमावलेली हजरजबाबी, हे सगळं काढावं लागेल. तेवढा वेळ कुणाला आहे? श्रेय मातीला देऊन टाका. माती मानधन मागत नाही.

पुढाऱ्यांसाठी एक किस्सा राखून ठेवा. १९७१ साली 'सोंगाड्या'ला दादरचं कोहिनूर थिएटर मिळावं म्हणून शिवसेना रस्त्यावर उतरली होती. ही गोष्ट पुढाऱ्यानं अशी सांगावी की कोहिनूरच्या दारात तो स्वतःच उभा होता. त्या वर्षी तो एरंडोलला तिसरीत नापास होत होता, हे समोरच्या निम्म्या लोकांना ठाऊक असतं, पण त्याचं कुणी मनावर घेत नाही.

दादा गाणीही लिहायचे, याचा उल्लेख ओझरता करा. लांबवलात तर कुणीतरी म्हणेल, "म्हणून दाखवा ना." इथंच खरी गोम आहे. दादांची ओळ कागदावर वाचाल तर देवघरात ठेवावी इतकी सोवळी. गाताना श्वास कुठं घेतला, पुढचा शब्द किती उशिरा टाकला, त्यावर सगळा खेळ. एक अर्थ पडद्यावर, दुसरा बघणाऱ्याच्या डोक्यात. सेन्सॉरवाल्यांनी आक्षेप घेतला की त्यांनाच लाजायची पाळी. अशा गाण्याला गुरुजींच्या तोंडी देणं म्हणजे शेवभाजीत साखर घालणं. त्यापेक्षा ऑर्केस्ट्रावाल्यांना बासरीवर वाजवायला सांगा. बासरीला चावट अर्थ काढता येत नाही. तरी मागच्या रांगा ओळखतातच.

आणि तंबूतल्या सिनेमाचा विषय तर मुळीच काढू नका. जत्रेतला तंबू, मधोमध कनात; अलीकडे बापे, पलीकडे बाया. बाप्यांकडे आवाज कमी, कारण शेजारी चुलता, पुढे सासरा, आणि हसलं की समजलं असं कबूल केल्यासारखं होतं. पडद्यावर दादा एक वाक्य टाकून भाबडेपणानं थांबायचे. क्षणभर सगळं गप्प. मग कनातीपलीकडून, पदर तोंडात कोंबला असतानाही, पहिलं खिदळणं फुटायचं. एक, मग चार, मग सगळी बाजू. दिवसभर कापूस वेचून, चूल पेटवून, सासूची बोलणी खाऊन आलेल्या त्या बाया. त्यांना कुणी काही विचारलंच तर उत्तर तयार असायचं: "आम्हाले काय समजस त्यातलं?" दुसरा अर्थ दादांनी त्यांच्या सोयीसाठीच झाकून ठेवलेला असावा, असं मला आपलं वाटतं. श्रद्धांजलीच्या भाषणात हे कुठं बसवणार? निर्मळच्या आधी की सहकुटुंबच्या नंतर?

आबांचा बंदोबस्त करा. प्रत्येक गावात असा एक आबा असतो. गुरुजी 'निर्मळ' म्हणाले रे म्हणाले की तो मागून ओरडणार, "गुरुजी, हाऊ कार्यक्रम से का दहावं?" त्याला मठ्ठ्याच्या पिंपाजवळ बसवा आणि पेला सारखा भरत राहा. मौन दोनाऐवजी एक मिनिटाचं ठेवा. दुसऱ्या मिनिटाला कुणाला ना कुणाला काहीतरी आठवतं आणि खांदे हलायला लागतात.

महिलांना आमंत्रण द्यावंच लागेल, नाहीतर पेपरात येतं. पुढे पंचायत समितीच्या मॅडम, मग बचत गट, मग शाळेच्या बाई अशी बैठक ठेवा. ऐंशी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांना मान म्हणून पुढे आणू नका. खुर्चीवरून उठता येत नाही म्हणाल्या तरी मंडपाच्या दोन टोकांना दोघी बसवा. कनातीपलीकडच्या दोन जणी शेजारी-शेजारी आल्या आणि एकीनं दुसरीला नुसतं कोपरानं ढोसलं, तर गुरुजींचं भाषण तिथंच संपलं म्हणून समजा.