हिरवट चेहरे, गुटेनप्रिंट आणि माझी राहिलेली एक ओळ

नमस्कार, गुटेनप्रिंटने फोटो छापण्याच्या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि म्हटलं नीट बसूनच उत्तर द्यावं. तुमचं म्हणणं असं की गुटेनप्रिंटसाठी (प्रिंटर चालवायचा तयार कोड देणारी लायब्ररी) एवढा सी कोड लिहायला लावणं म्हणजे लोकांचा वेळ फुकट घालवणं, आता प्रिंटर ड्रायव्हरलेस झालेत, म्हणजे वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतात, ही लायब्ररी संपल्यात जमा आहे, आणि वर माझा कोड जसाच्या तसा चालवला तर ऐरोलीला तुमच्या घरी सगळ्यांचे चेहरे हिरवट आले.

हिरवट चेहऱ्यांचं आधी, कारण तिथे चूक माझीच. कोडमध्ये फोटो आयसीसी प्रोफाइलमधून (त्या प्रिंटर-कागदावर रंग कसे उमटतात याची फाइल) काढून लायब्ररीला दिला, पण कलर करेक्शन 'अनकरेक्टेड' करायची ओळ राहून गेली, त्यामुळे रंग एकदा प्रोफाइलने बदलले आणि परत लायब्ररीने आपल्या हिशोबाने बदलले. एसटीपी प्रिंट हे लायब्ररीचं छापायचं फंक्शन कॉल करायच्या आधी ती ओळ टाका, आणि प्रोफाइलही त्याच सेटिंगला, त्याच कागदावर बनवलेलं हवं. तुमची शाई वाया गेली, मनापासून सॉरी. पोस्ट दुरुस्त केली आहे.

पण ड्रायव्हरलेसचं नाही पटलं. त्यात आपण रास्टर, म्हणजे पिक्सेलचं चित्र पाठवतो आणि शाईचा थेंब कुठे, केवढा टाकायचा हे प्रिंटरमधलं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलाच प्रोग्रॅम ठरवतो. बिलं, तिकिटं, मुलांचे प्रोजेक्ट यांना ते उत्तमच, मीही तेच वापरतो. नौपाड्यात मामाचं फोटोफ्रेमचं दुकान आहे, तिथला सहा रंगांचा जुना एप्सन मात्र ईएससी/पी2 ही एप्सनची कमांडची भाषा सोडून दुसरी भाषा समजत नाही, आणि लोक आजी-आजोबांचे फोटो घेऊन येतात ते भिंतीवर लावायला, तिथे चालून जाईल असं म्हणता येत नाही.

मागच्या जुलैत ठाण्यात आठवडाभर पाऊस लागून राहिला होता, कागदाला ओल धरलेली. राखाडी रंगाची 21 चौकोनांची पट्टी काढली तर सतराव्यापासून पुढे सगळे सारखेच काळे, बोट फिरवलं तर बोटाला शाई. डेन्सिटी पॅरामीटर (शाई किती टाकायची) 1 वरून 0.85 वर आणला, डिदर (थेंब पसरायची पद्धत) 'इव्हनटोन' केलं, पट्टी परत काढली, वाळू दिली, आणि शेवटचे चौकोनसुद्धा वेगवेगळे दिसायला लागले. मग आजोबांच्या काळ्या कोटाची कॉलर दिसली जी आधी दिसतच नव्हती! फोनच्या प्रिंट डायलॉगमध्ये 'नॉर्मल' आणि 'हाय' यापलीकडे काय मिळतं, सांगा.

आणि कोड तरी किती? लायब्ररी ओळीचा नंबर देऊन तेवढे पिक्सेल मागते, आपण ते फंक्शन लिहून द्यायचं, बाकी थेंबांचं गणित तिचं. रेझोल्युशनची नावं प्रिंटरप्रमाणे बदलतात म्हणून ती हाताने टाइप करू नका, लायब्ररीकडूनच यादी मागा आणि सेटिंग तपासणारं एसटीपी व्हेरिफाय चालवा, बराच त्रास वाचतो.

संपल्यात जमा म्हणाल तर, हे सुरू झालं मायकेल स्वीट यांच्या गिंप या फोटो एडिटरमधल्या प्रिंट प्लगइनपासून, ज्यांनी कप्स ही लिनक्स-मॅकवरची प्रिंटिंग सिस्टिमसुद्धा लिहिली, 1999 पासून ते रॉबर्ट क्राविट्झ यांनी पुढे नेलं. कप्समधून पीपीडी फाइली (जुन्या ड्रायव्हरना लागणारी प्रिंटरची माहिती) जाणार हे खरं, पण त्यासाठीच ओपनप्रिंटिंग या प्रकल्पाने गुटेनप्रिंटचं प्रिंटर ॲप्लिकेशन बनवलंय, म्हणजे जुना प्रिंटर नव्या सिस्टिमला ड्रायव्हरलेससारखाच दिसतो आणि आत काम हीच लायब्ररी करते.

ओळ टाकूनही हिरवट आलं तर रविवारी सकाळी दुकानात असतो, ट्रान्स हार्बरने ठाण्याला या, तुमचाच कागद आणा, पट्टी काढून बघू.