कातळावरच्या प्राण्याचा जमाखर्च

‘कोणताही एक अधिवास निवडा. त्यात तगून राहील असा काल्पनिक प्राणी तयार करा. त्याची किमान पाच अनुकूलने लिहा. टाकाऊ वस्तूंपासून प्रतिकृती बनवा. थर्माकोल चालणार नाही.’ सहावीतल्या लेकीच्या वहीत चिकटवलेल्या या ओळी वाचताना मला काळजी वाटली ती फक्त थर्माकोलची, कारण बाकीचे काम नवा जीव निर्माण करण्याचे होते आणि ते रविवारी दुपारच्या जेवणाआधी उरकेल, असा माझा अंदाज होता.

वर्गातल्या बहुतेक मुलांनी वाळवंट घेतले होते आणि उरलेल्यांनी अंटार्क्टिका. ही मुले व्यवहारी म्हटली पाहिजेत, कारण वाळवंटाचा किंवा अंटार्क्टिकाचा जो काही जाच आहे तो बारा महिने साधारण एकाच जातीचा असतो आणि प्राण्याला एकदा काय ती तयारी करून निश्चिंत होता येते. आमच्या कन्येने मात्र घरामागचा सडा निवडला, कारण तो खिडकीतून दिसतो. ज्यांनी रत्नागिरीकडचा सडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगायचे, तर तो जांभ्या दगडाचा उघडा, सपाट माळ असतो. खोलगट जागी साचलेली थोडी माती सोडली, तर बाकी सगळा नुसता कातळ. येथे वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळाच्या सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकून घेतो. श्रावणात सड्यावर घोटाभर पाणी, बेडकांचा गोंगाट आणि फुलांचे गालिचे असतात. जांभा सच्छिद्र असल्यामुळे ते पाणी दिवाळीच्या आसपास कुठल्या कुठे मुरून जाते आणि मे महिन्यात त्याच जागी अनवाणी उभे राहण्याची कुणाची छाती होत नाही. म्हणजे आमच्या प्राण्याला चार महिने दलदलीत आणि आठ महिने तव्यावर संसार करायचा होता, आणि तोही घर न बदलता.

मी हिशेब खात्यात काम करतो. त्यामुळे प्राणी घडवताना आपोआपच जमेची आणि खर्चाची बाजू मांडून बसलो, आणि हा सगळा मनस्ताप तिथूनच सुरू झाला. घरात पाहुणे आलेल्या मामांनी उंटासारखी मदार सुचवली, म्हणजे पाण्याची टाकी पाठीवरच राहील. “मामा, मदारीत पाणी नसतं, चरबी असते,” असे लेकीने सांगितल्यावर मामांनी चहा मागितला आणि या विषयातून अंग काढून घेतले. पुण्याहून काकांचा फोन आला, तेव्हा त्यांनी पंख द्यायला सांगितले, म्हणजे उन्हाळ्यात उडून महाबळेश्वरला जाता येईल. यावर “मग तो सड्यावरचा प्राणी कसा?” हा लेकीचा प्रश्न बिनतोड होता, पण मला त्याहून मोठी अडचण दिसत होती. पंख म्हटले की ते हलवायला छातीचे भक्कम स्नायू आले, स्नायूंना रोज भरपूर खाणे आले, आणि मे महिन्यात सड्यावर खाण्याजोगे काय असते? प्रत्येक नवा अवयव खर्चाच्या बाजूला जाऊन बसत होता आणि जमेच्या बाजूला ‘वाळलेले गवत’ एवढीच एक नोंद होती, तीही वणवा लागला नाही तर.

हा वाद ऐकत माजघरात नारळ खवत बसलेल्या आईने शेवटी तोंड उघडले. “सड्यावर राहतं कोण? फुरसं राहतं. ते कसं राहतं ते बघा आधी. पंख नि मदारी कसल्या लावताय?” आईचे माहेर राजापूर तालुक्यातल्या सड्यावरचे आहे आणि दगड उचलताना आधी काठीने हलवून पाहावा, हे शिक्षण तिला मुळाक्षरांच्या आधी मिळालेले आहे. फुरसे दिवसा दगडाखाली पडून राहते, रात्री गारव्याला बाहेर पडते, आणि कुणी अंगावर आलेच तर करवतीसारखे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज काढते. ना पंख, ना कुबड. खर्चाची बाजू इतकी आटोपशीर ठेवणारा जीव पाहून मला त्या सापाविषयी व्यावसायिक आदर वाटू लागला.

मग आम्ही नव्या दमाने सुरुवात केली. प्राण्याने आठ महिने झोपून काढावेत असे ठरले, म्हणजे खाण्याचा प्रश्नच मिटला. झोपण्यासाठी मातीत शिरायचे, म्हणून मागच्या पायांना फावड्यासारखा उंचवटा दिला. मागे सरकत सरकत आत जायचे आणि माती डोक्यावर ओढून घ्यायची. ही कल्पना मला इतकी आवडली की मी ती पत्नीला दोनदा ऐकवली. तेवढ्यात लेकीने ग्रंथालयाचे पुस्तक पुढे केले: बिळात राहणाऱ्या बेडकाच्या पायाला हे फावडे उपजतच असते. बरे, अंगातला ओलावा जाऊ नये म्हणून चिकट स्रावाचा पडदा दाराशी लावून टाकू. तर ते गोगलगाय करते. शंखाचे तोंड असे बंद करून ती पावसाची वाट पाहत पडून राहते. अंडी कोरडी ठणठणीत होऊनही जिवंत राहतील आणि पहिल्या पावसात फुटतील, असे करू. तर तसली अंडी घालणाऱ्या परीकोळंब्या कातळावरच्या डबक्यांत पोहत असतात. वनस्पतीसारखा एखादा अवयव देऊन किडे पकडू म्हटले, तर दवबिंदू आणि सीतेची आसवे या सड्यावरच्याच वनस्पती तो उद्योग कधीपासून करत आहेत, कारण असल्या मातीत नत्राचा दुष्काळ असतो. उन्हात अंडी भाजू नयेत म्हणून पोटाची पिसे भिजवून आणण्याची युक्ती लढवली, तर खिडकीबाहेर टिटवी ओरडली. ती स्वतःच ही युक्ती वापरते. शेवटी निदान मादीवर छाप पाडण्यासाठी गळ्याला निळा-काळा-नारिंगी पंखा द्यावा म्हटले, तर साताऱ्याकडच्या चाळकेवाडीच्या पठारावर असा पंखा फुलवणारे सरडे निघाले, आणि 2016 साली शास्त्रज्ञांनी त्यांच्या प्रजातीची शास्त्रीय नावासह रीतसर नोंदही करून टाकली होती.

तसे पाहिले तर आमच्या सड्यांवर प्राणी रचण्याचा धंदा जुनाच आहे. कशेळीला कातळावर सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या देहरेषेच्या आत मासे, पक्षी, चतुष्पाद अशा इतर प्राण्यांची गर्दी आहे. कोकणातली ही कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ज्या कुणी तो हत्ती कोरला त्याने मनाला येईल ते पोटात कोंबले आणि त्याला कुणी पाच अनुकूलने विचारली नाहीत, या गोष्टीचा मला त्या रात्री फार हेवा वाटला.

प्रतिकृतीबद्दल थोडक्यातच सांगतो. आईने डवलीसाठी, म्हणजे वाढायच्या पळीसाठी, जपून ठेवलेली करवंटी पाठीला गेली, नारळाच्या सोडणाचे शरीर झाले आणि खराट्याच्या हिरांचे पाय. हे पाय गोंदात उभे राहायला तयार नव्हते. एक चिकटला की समोरचा निखळत असे. त्यामुळे अखेर प्राणी झोपेच्या अवस्थेत दाखवावा असे ठरले आणि त्याच्या आळसाला आम्ही ‘ग्रीष्मनिद्रा’ अशी शास्त्रीय चिठ्ठी लावली. नाव ठेवले ‘कातळ्या’.

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षकांनी कातळ्याची सगळी अनुकूलने लक्षपूर्वक वाचली, मान डोलावली आणि गुणपत्रिकेवर लिहिले: ‘माहिती उत्तम. मात्र यात काल्पनिक काही नाही.’ पहिला क्रमांक शेजारच्या टेबलावरच्या प्राण्याला मिळाला. तो दोन मदारींचा, चार पंखांचा, डोक्यावर सौरपट्टी आणि पायांना स्केटिंगची चाके असलेला वाळवंटी उंट होता आणि बक्षीस घेऊन परत आलेला त्याचा मालक त्याचे पंख हलवून दाखवत होता. माझी लेक पाठीमागे हात बांधून त्याच्यासमोर उभी राहिली.

“वाळूत चाकं रुतणार नाहीत?”

मुलाने चाकांकडे पाहिले, उंटाकडे पाहिले आणि मग भिंतीला टेकून जांभया देत असलेल्या एका गृहस्थांकडे वळून तो म्हणाला, “थांब, बाबांना विचारून सांगतो.”