पद्मिनीचे पालकमंत्री

मुंबईत काहीही एकट्याने करता येतं. शेजाऱ्याला पत्ता लागू न देता घरही विकता येतं. जुन्या फियाटचा गंज मात्र एकट्याने काढता येत नाही. पॉलिश पेपरचा पहिला खर्रर्र आवाज झाला की पार्किंगमध्ये माणसं उगवतात, आणि त्यातल्या प्रत्येकाकडे एकेकाळी फियाट असते. स्वतःची नसली तर मामाची.

माझी फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९७८ची. कुर्ल्याला जन्मली, माहीमला गंजली. म्हणजे उभ्या आयुष्यात तिने फारशी मजल मारली नाही. १०८९ सीसीचं इंजिन, पुढे सलग सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. हे कौतुकाने सांगायला जावं तर पहिल्या मजल्यावरचे आजोबा हातानेच थांबवतात. "ही कसली फियाट! खरी ती आमची डुक्कर फियाट. पुढचे दरवाजे उलटे उघडायचे." एवढं बोलून ते माझ्या दरवाज्याकडे असं बघतात, की तो सुलटा उघडतो याची मलाच लाज वाटावी.

बाहेरून गाडी बरी होती. दरवाज्याच्या खालच्या कडेला रंगाला चार-दोन फोड आले होते, बस्स. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून वरचा रंग फुगतो, एवढं शास्त्र मला ठाऊक होतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक एका फोडाला हलकेच टेकवलं. टोक आत गेलं. पाठोपाठ दांडाही गेला. मग कुर्ल्याहून डेंटर बोलावला. त्याने बोटाने टकटक केली, कान लावला, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं मला खांबाआड नेलं. "सायेब, पत्रा कधीच गेलाय. आता रंगानेच आकार धरलाय. घासू नका, पडेल."

तरी घासलं. निळ्या रंगाखाली लांबी (म्हणजे पुट्टी), लांबीखाली क्रीम रंग, त्याखाली परत लांबी, आणि सगळ्यात खाली भोक बुजवायला कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. तो उलगडला तर वधू पाहिजेच्या जाहिराती निघाल्या. 'गृहकृत्यदक्ष' एवढा शब्द धड वाचता येत होता. पत्र्यापेक्षा कागदच जास्त टिकला होता.

गाडीच्या जमिनीचं प्रकरण याहून मोठं. काचेभोवतीचं रबर वाळलं की पावसाचं पाणी डॅशबोर्डमागून उतरतं आणि मॅटखालच्या फेल्टमध्ये मुरतं. वरून मॅट कोरडी ठणठणीत, खाली तळं. त्यात माहीमची खारी हवा. ड्रायव्हरच्या बाजूची मॅट उचलली तर थेट पार्किंगचा पांढरा पट्टा दिसला. तिसऱ्या मजल्यावरचे काका वाकून म्हणाले, "उलट बरंय की! गाडी लावताना पट्टा दिसतो."

मग सीट काढायला घेतली. चार बोल्टांपैकी तीन सुटले. चौथ्यावरून सोसायटीत दोन तट पडले, डिझेलवाले आणि रॉकेलवाले. आता रॉकेल मिळतं कुठे, यावर तिसरा गट स्थापन झाला. मी रात्रभर डिझेल सोडलं, सकाळी बोल्ट तापवला आणि पाना लावला. पालकमंत्री पूलपाहणीला उभे राहतात तशी सगळी मंडळी कमरेवर हात ठेवून उभी. पाना हलला. "सुटला, सुटला!" पान्यात बोल्टाचं डोकं आलं होतं, बाकीचा बोल्ट जागच्या जागी. मंडळींनी दौरा तिथेच आटोपता घेतला. प्रत्येकाला अचानक दूध आणायचं होतं.

एकट्याने जमलेलं काम एकच, बादलीतलं. पाण्यात धुण्याचा सोडा, चार्जरची ऋण तार गंजक्या बिजागरीला, धन तार भंगारातल्या लोखंडी पट्टीला. (स्टेनलेस स्टील अजिबात लावू नये, क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो म्हणून खिडकीही उघडी हवी.) रात्रभर बुडबुडे, आणि सकाळी बिजागरी काळसर, पण स्वच्छ! आनंदाने बायकोला दाखवायला नेली. तिने बिजागरीकडे पाहिलंच नाही.

"ही बादली आंघोळीची ना?"

"होती."

"होती?"

सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड, नाहीतर चोरबाजार. तिथे वेगळीच गंमत. पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर होती तोवर तिचं हँडल भंगारात जायचं. वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी बंद झाली, आणि तेच हँडल अँटिक झालं. दुकानदार ते फडक्याने पुसून दाखवतो. घासाघीस केली की पुन्हा फडक्यात गुंडाळतो.

सरकारला मात्र ती अँटिक वाटत नाही. २०२१च्या नियमांनुसार पन्नाशी उलटलेली, मूळ रूप राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि नंबरात 'व्हीए' येतं. माझी अजून पन्नाशीच्या आत. म्हणजे दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण, पर्यावरण कर. म्हातारपणाचे सगळे आजार आहेत, ज्येष्ठ नागरिकांची सवलत तेवढी नाही.

दरम्यान सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली : 'पार्किंगमध्ये भंगार ठेवू नये.' नाव कुणाचंच नव्हतं, पण लिफ्टमधले सगळे माझ्याकडे बघत होते. मी सेक्रेटरींना गाठून स्पष्टच विचारलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला जिन्याखाली नेलं आणि आवाज खाली आणला.

"नोटीस नियमापुरती हो. कमिटीला दाखवावं लागतं. मुलीचं लग्न ठरलंय. ती म्हणते, पाठवणीला फियाटच हवी."

"अहो, पण ती अजून चालत नाही."

"ढकलायला वऱ्हाड आहे ना!" ते म्हणाले. मग जरा विचारात पडले. "तुम्ही फक्त एक करा. नवरीच्या पायाखाली तेवढा पत्रा असू द्या. शालू बनारसचा आहे."